डावं मागचं चाक

कात्रजच्या सिग्नलला माझ्याच गाडीत तो पिवळा दिवा लागला, आणि काय लागलंय ते डोक्यात शिरायच्या आत माझं बोट बटणावर जाऊन टेकलं होतं. घोड्याच्या नालासारखं चिन्ह, मध्ये उद्गारचिन्ह. टायरमधली हवा कमी झाली की तो लागतो. बटण उजव्या गुडघ्याच्या वर असतं, न बघता सापडतं. तीन सेकंद दाबून धरलं की दिवा दोन-तीनदा मिचकावतो आणि जातो. मी अजून दाबलं नव्हतं, पण बोट तिथं पोचलं होतं, अगदी हक्कानं, आणि मी त्याच्याकडे परक्या माणसाकडे बघावं तशी बघत बसले. सिग्नल सुटला. मागचा रिक्षावाला आधी हॉर्ननं बोलला आणि मग तोंडानं. मी गाडी पुढे घेतली. रोज जिथं वळते ते आमच्या सर्व्हिस सेंटरचं गेट डाव्या हाताला आलं, वॉचमननं मला पाहून सवयीनं साखळी खाली सोडली, आणि मी न वळता सरळ निघून गेले. आरशात तो साखळी हातात धरून तसाच उभा दिसला. सकाळचे सव्वानऊ वाजले होते आणि माझ्या नावावर त्या दिवशी चौदा गाड्या लागल्या होत्या.

गाडी दुरुस्तीला दिली की काउंटरवर हसून तुमची तक्रार लिहून घेणारी आणि संध्याकाळी हसून गाडी परत देणारी जी बाई असते, ती मी. वनिता. नऊ वर्षं हेच करते. कामथडीला माझी आई, अक्काबाई, विहारात भेटेल त्याला सांगते, आमची वनिता गाड्यांची डाक्टर हाय. मी आजवर एक नट आवळलेला नाही. मला पगार बोलण्याचा मिळतो. त्यातही या टायरच्या दिव्याबद्दल मी इतकं छान बोलते की नव्या पोरींना शिकवायला मलाच उभं करतात. लोकांना वाटतं चाकात एखादा डोळा बसवलाय. महागड्या गाड्यांत तसं असतंही. चाकाच्या आत एक छोटं यंत्र असतं, आणि आत किती हवा आहे हे ते रेडिओवरून गाडीला कळवत राहतं. आमच्या गाड्यांत तसलं काही नाही. आमची गाडी हवा मोजतच नाही, ती फेरे मोजते. ब्रेकसाठी प्रत्येक चाकाचे फेरे तिला मोजावे लागतातच, त्यातच हे भागवून घेतलंय. हवा कमी झाली की चाक किंचित बसतं, बुटकं होतं, आणि बुटक्याला बाकीच्या तिघांबरोबर चालायचं तर पावलं जास्त टाकावी लागतात. हा एकटाच जास्त फिरतोय, असं गाडीच्या लक्षात येतं आणि ती दिवा लावते. पण जास्त म्हणजे कशापेक्षा? ते तिला आपण सांगायचं असतं. टायर गार असताना दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे चारहींत हवा भरायची, मग बटण दाबायचं. बटण दाबणं म्हणजे, आत्ता आहे हे बरोबर, हे ध्यानात ठेव, असं तिला सांगणं. पुढचे काही किलोमीटर ती मुकाट्यानं शिकते आणि मग त्यावरच विश्वास ठेवते. हवा कमी असताना बटण दाबलं तर कमीलाच बरोबर धरून चालते. बिचारीला खोटं सांगता येतं, हे मात्र मी कुठल्याच गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाही.

आमच्याकडे त्याला 'दिवा घालवणं' म्हणतात. शनिवारी हवेच्या पाइपापाशी रांग लागली, बाहेर माणसं घड्याळं बघायला लागली, की दिवा घालवायचा आणि गाडी काढून द्यायची. सगळेच करतात. हे वाक्यही मी हल्ली मनात फार वेळा म्हणते. लहानपणी विहारात पंचशील म्हणताना चौथ्या शिलापाशी, खोटं न बोलण्याच्या, माझी जीभ घाई करायची. आई मांडीला चिमटा काढून पुन्हा म्हणायला लावायची. तेव्हा तरी खोटं बोलण्यासारखं माझ्यापाशी होतं काय? फार तर चोरून खाल्लेल्या चिंचा.

खेड-शिवापूर गेलं तरी मी कुठं चालले आहे हे स्वतःला सांगितलं नव्हतं. दिवा समोर जळत होता. एका पंक्चरच्या टपरीपाशी थांबले. तिथं एक जाड भिंगाची बाई होती, तिनं चारही चाकांना मीटर लावलं आणि म्हणाली, "पुडचं उजवं चोवीस हाय, बाकी बत्तीस. खिळा-बिळा न्हाई, वॉलमधनं जातीय." तिनं वॉल्व्ह बदलला, हवा भरली, हात पुसले आणि खिडकीतून आत वाकून म्हणाली, "दाबा की आता बटन." आता दाबणं बरोबर होतं. नियमानं होतं. नऊ वर्षांत क्वचितच इतकं नियमानं दाबलं असेल. आणि माझं बोट काही केल्या तिकडं जाईना. त्या बाईनं माझ्याकडे पाहिलं, गाडी नवीन शिकलेली दिसते असं बहुधा तिला वाटलं, आणि तिनंच हात आत घालून दाबलं. "गेला बगा," ती म्हणाली. मला तिच्यासमोर रडू यायला लागलं म्हणून मी घाईनं गाडी काढली.

अजहर पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या गाडीच्या डिकीत बाभळीचं दांडकं होतं. तो भोरचा. पुण्याच्या दवाखान्यांत पेशंट ने-आण करायचा, लग्नाची भाडी करायचा. त्याच्या वडिलांनी, मौलालीचाचांनी, तीस वर्षं टेम्पो चालवला, आणि निघायच्या आधी चाकांभोवती एक फेरी मारून प्रत्येक टायरवर दांडकं हाणून आवाज ऐकायचा हा त्यांचा रिवाज. भरलेला टायर टणकन बोलतो, कमी हवेचा भद्दकन. अजहर तेच करायचा. आमच्या चकाचक फरशीच्या आवारात, काचेच्या आड कॉफी पीत बसलेल्या गिऱ्हाइकांसमोर तो दांडकं काढायचा, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. का? तो माझा कोण लागत होता? पण तो 'पानी' म्हणाला की मला माझंच 'पानी' ऐकू यायचं, जे मी दोन वर्षं आरशासमोर उभी राहून घालवलं होतं. तो मला 'ताई' म्हणायचा आणि कामथडीची म्हटल्यावर जास्तच आपुलकीनं म्हणायचा. मी त्याच्याशी मुद्दाम शहरी, स्वच्छ बोलायचे.

दसऱ्याच्या आधीचा शनिवार होता. तो दिवा लागला म्हणून आला होता. "ताई, मागचं डावं बगा. बसका आवाज येतुय," तो म्हणाला. मी म्हटलं, "अजहरभाऊ, आता कानानं नाही कळत टायर. गाडीत सिस्टीम असते." तो म्हणाला, "तसं व्हय. पर आवाज बसकाच हाय." हवेला अकरा गाड्यांची रांग होती. काचेआड एक साहेब कॉफी गार आहे म्हणून कुणाला तरी झापत होते. मी अजहरच्या गाडीत बसले, बटण दाबलं, दिवा गेला. कागदावर लिहिलं, चारही टायर तपासले, ठीक. अक्षर माझं सुरेख आहे. त्यातली एक गोष्ट खरी नव्हती आणि दुसरी मला माहीत नव्हती. मग मी बाहेर येऊन, चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता दिवा लागेपर्यंत टायरला हात लावायचा नाही. आणि ते दांडकं घरी ठेवा, म्युझियममध्ये लागेल." दोन माणसं हसली. अजहरही हसला, खाली बघून, आणि दांडकं डिकीत टाकलं. तो हसला हे मी बरेच दिवस माझ्या बाजूचा पुरावा म्हणून धरून ठेवलं होतं.

तीन आठवड्यांनी त्याची गाडी टोचन लावून आली. वेल्ह्याकडच्या एका दवाखान्यात त्याची बहीण सानिया नर्स आहे. दर शनिवारी दुपारी तो तिला घरी आणायचा. मार्गासनीच्या अलीकडे मागचं डावं चाक फुटलं, गाडी फिरली आणि शेताच्या दगडी बांधावर गेली. अजहरच्या दोन बरगड्या, सानियाचं उजवं मनगट. आमचा मेकॅनिक नागसेन यानं तो टायर रिमवरून उतरवला, आत हात फिरवला आणि तळहात माझ्यापुढे धरला. काळं पीठ. "मॅडम, टायर असा एका दिवसात मरत नाय," तो म्हणाला. "कमी हवेवर लई दिवस पळालाय, आतल्या आत भाजलाय. दिवा कसा लागला नाय?" मी म्हणाले, "काय माहीत." त्याच्या दुसऱ्या हातात गाडीचे जुने कागद होते. तो ते बघत उभा राहिला, मग माझ्याकडे न बघता टायर ढकलत भंगाराकडे घेऊन गेला. मी बोटाच्या टोकानं ते पीठ त्याच्या तळहातावरून उचललं होतं. का उचललं कोण जाणे. संध्याकाळी साबणानं घासलं तरी नखात बारीक काळी रेघ राहिली, आणि मी त्या हातानं जेवले. मोठी भूक लागली होती त्या दिवशी, तेही आठवतं.

पण इथवरचं सगळं मी एखाद्याला सांगू शकले असते. चूक झाली, गर्दी होती, सगळेच करतात. जे सांगता येत नाही ते नंतरचं आहे. दोन दिवसांनी अजहरचा दवाखान्यातून फोन आला. बोलताना त्याला बरगड्या दुखत होत्या, मध्ये मध्ये थांबत होता. "ताई, दिवा लागला न्हवता वो. खुदाकसम. म्या सारखा बगत हुतो. तुमी म्हनला हुता ना दिव्याकडं बगायचं, म्हनून." मी काउंटरवर होते. समोर गिऱ्हाईक बसलं होतं. आमच्याकडे शिकवतात, गिऱ्हाइकाला खोटं पाडायचं नाही, त्याला त्याच्या बाजूनं दुसरं कारण सुचवायचं. मी माझ्या सगळ्यात मऊ आवाजात म्हणाले, "अजहरभाऊ, दुपारची वेळ होती. जेवण झालेलं होतं. कधी कधी डुलकी लागते, ती आपली आपल्यालाही कळत नाही." मग तो म्हणाला, "आसंल." एवढंच. मी "काळजी घ्या" म्हणून फोन ठेवला आणि समोरच्या माणसाला विचारलं, "हं, बोला सर." माझा आवाज जराही बदलला नव्हता. मला आजही स्वतःची किळस येते ती त्या न बदललेल्या आवाजाची.

कापूरहोळला वळले. भाटघरचं पाणी उन्हात पांढरं दिसत होतं. तिथून मागं फिरता आलं असतं, मी दोनदा वेगही कमी केला. काय सांगणार होते मी? नोकरी जाईल हे दिसत होतं. तेही एक वेळ जाऊ दे. पण ताई म्हणून ज्या घरानं मला दोन महिने दुवा दिला, त्या घरात उभं राहून बोलायचं म्हणजे जीभ कुठं ठेवायची? कारण मधल्या काळात मी चांगली वागले होते. आठवड्याला फोन करत होते, सानियाची चौकशी करत होते, डॉक्टरचं नाव सुचवलं होतं. आणि पलीकडून खुर्शिदाचाची, अजहरची आई, दर वेळी म्हणायच्या, "तुमच्यावानी कोन इचारतं बाई." मी तो शब्द घ्यायचे आणि फोन ठेवायचे.

भोरात त्यांचं घर गल्लीच्या टोकाला आहे. मला दारात बघून खुर्शिदाचाचींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अशा आनंदल्या की मला उंबऱ्यावरूनच परत फिरावंसं वाटलं. "आवं, वनिताबाई! या, या. सानिया, च्या ठेव गं. न्हाई, तू नगो, तुझा हात हाय, म्याच ठेवते." सानियाचं प्लॅस्टर निघालं होतं. तिनं नमस्काराला हात जोडले तेव्हा उजव्या हाताची बोटं पुरती मिटली नाहीत. मौलालीचाचा खाटेवर ताठ बसले होते. आणि भिंतीला टेकून खाली अजहर. मी त्याला ओळखलंच नाही पटकन. डोळे लाल, खोल गेलेले, दाढी वाढलेली. तो हसला, पण तोंड हसून झाल्यावरही डोळे तसेच ताणलेले राहिले.

"बरं नाही का?" मी विचारलं.

"बरगड्या जुळल्या," चाची चहाचा कप माझ्या हातात देत म्हणाल्या. "पर झोपतच न्हाई वो पोरगं. डोळा लागाय लागला की दचकून उटून बसतं. दिवसा न्हाई, रातचं न्हाई. मांडीला चिमटं काडून काडून काळंनिळं केलंय."

"झोपंनंच घात केला त्याचा," मौलालीचाचा म्हणाले, अजहरकडे न बघता. "तीस वर्सं टेम्पो हाकला म्या, एकदा पापनी लवली न्हाई. आदी म्हनत हुता, अब्बा, दिवा लागला न्हाई, दिवा लागला न्हाई. म्या बी म्हनलो, आसंल बाबा, यंत्रच ते. मग एक दिस सोताच म्हनला, डुलकीच लागली आसंल. सोताच्या तोंडानं. बहिनीला मागं बसवून झोपला. आता गल्लीत कोनाला तोंड दाकवू? शेजारच्या सगुनाबाई त्या दिशी म्हनल्या, पोराला आफू-बिफूचा नाद न्हाई ना?"

"अब्बा," सानिया हळूच म्हणाली.

"किल्ली काडून घेतलीया. पुन्ना चाकाला हात लावायचा न्हाई."

अजहर मान खाली घालून बसला होता. त्याचा अंगठा मांडीवर होता आणि मी बघत असताना त्यानं स्वतःला चिमटा काढला. सवयीनं. माझ्या हातातला चहा खूप गोड होता, वेलदोडा घातलेला, माझ्यासाठी घातलेला. मला वाटलं, आधी चहा संपवावा. मग वाटलं, संपवला तर तो प्यायल्यासारखं होईल. असल्या वेळी माणूस कपाचा विचार करतो. मी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "त्याला झोप लागली नव्हती."

बहुधा समजूत घालतेय असं वाटलं त्यांना. चाची म्हणाल्यासुद्धा, "तुमचं मन मोटं हाय बाई."

मग मी सांगितलं. नेहमीसारखं ओघात नाही आलं. आधी बटणाचं आलं, मग टायरचं, मग पुन्हा मागं जाऊन शनिवारचं. हवा बघितलीच नव्हती, म्हणाले. तो म्हणत होता आवाज बसका आहे, त्याचं बरोबर होतं, मी दिवा घालवला, कागदावर खोटं लिहिलं, चारचौघांत त्याला हसले. टायर आत जळून पीठ झालेला मी डोळ्यांनी पाहिला. आणि फोनवर डुलकी मी म्हणाले. त्याच्या तोंडात मी घातली ती. त्याला नव्हती लागली. बोलता बोलता माझं शहरी बोलणं कुठं गेलं ते कळलं नाही. शेवटी शेवटी मी आईसारखी बोलत होते. "म्या केलं ह्ये," म्हणाले. "त्यानं न्हाई."

मला वाटत होतं चाचा उठून हाताला धरून बाहेर काढतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. चाचींनी फक्त तोंडावर पदर घेतला. सानिया उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं मिटत बसली होती, मिटायची, उघडायची, आणि माझ्याकडे बघत होती. आणि अजहर थोडा पुढे सरकला.

"म्हंजी ताई," तो म्हणाला, "म्या झोपलो न्हवतो?"

"नाही."

"पक्कं?"

"पक्कं. तू जागा होतास. तुझं काही चुकलं नाही."

"अम्मी," तो आईकडे वळला, "म्या झोपलो न्हवतो." मग बहिणीला तेच. मग पुन्हा मला, "म्या जागा हुतो." तो रागावला नाही. त्याच्या चेहऱ्यावर रागाला जागाच नव्हती, इतका तो सुटला होता. मी त्याचं दोन महिने आयुष्य नासवलं होतं आणि तो माझ्याकडे मीच त्याच्यावर उपकार केल्यासारखा बघत होता. शरमेनं माझे कान असे तापले की मला नीट ऐकू येईना. शिव्या दे, असं मी मनात म्हणत होते. एक तरी दे.

मौलालीचाचा उठले. दाराशी गेले आणि गल्लीत हाक मारली, "सगुनाबाई! हिकडं या. आन् तुमच्या मालकास्नी बी आना." शेजारच्या सगुणाबाई पिठाचे हात घेऊनच आल्या, मागून त्यांचे मालक, समोरच्या घरातली दोन माणसं, एक म्हातारी. खोलीत जागा उरली नाही. मी भिंतीकडे सरकत गेले. चाचा मला 'बाई' नाही म्हणाले, काहीच नाही म्हणाले, फक्त बोट केलं. "सांगा ह्यांस्नी."

मी सांगितलं. सगुणाबाई मध्येच "मंजी?" म्हणाल्या, त्यांच्यासाठी चाकाच्या फेऱ्यांपासून पुन्हा सांगितलं. आणखी कुणी दाराशी आलं, त्यांना लोक आतूनच सांगायला लागले तेव्हा चाचांनी हात वर केला. "तुमी नगा सांगू. ह्याच सांगतील." घसा कोरडा पडला होता, पण पाणी मागायची माझी छाती झाली नाही. तिसऱ्यांदा सांगताना 'मी हवा बघितली नाही' या वाक्यापाशी आले आणि ते इतकं सपक, इतकं साधं वाटलं की हेच मी दोन महिने गिळून बसले होते यावर माझा विश्वास बसेना. पण लोक तेवढ्याच वाक्यापाशी माझ्याकडे बघत होते.

मग चाचींनी कुणाला तरी "श्श" केलं. सगळे मागं वळले. अजहर बसल्या जागीच भिंतीला डोकं टेकवून झोपला होता. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर उताणे पडलेले. सानियानं डाव्या हातानं त्याच्या मानेखाली उशी सरकवली तरी तो हलला नाही. मौलालीचाचा कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले. इतक्यात दारात भोरच्याच स्टँडवरचे दोघं-तिघं ड्रायव्हर आले, कुणीतरी बोलावून आणलेले, बाहेर चपला काढत विचारत होते, काय झालं, काय झालं. चाचांनी त्यांना आत घेतलं आणि माझ्याकडे वळले.

"आता परत सांगा," ते म्हणाले. "पर हळू. झोपलाय त्यो."